नानांच्या धाब्यावरचे बिबडे

मार्च लागला की धुळ्याच्या आमच्या कॉलनीत गच्च्यांवर जुन्या साड्या पसरायला लागतात. सकाळी मी शाळेला निघते तेव्हा जिन्यातच तो वास मला गाठतो. तीन दिवस भिजून आंबलेली ज्वारी मोठ्या पातेल्यात रटरटत असते, तिच्यात लसूण, तीळ, लाल मिरची पडलेली असते, आणि ती वाफ थेट खालच्या मजल्यापर्यंत उतरते. शेजारच्या वहिनी वाटीत गरम घाटा घेऊन अडवतात. वर कच्च्या तेलाची धार. चव तर बघा बाई, म्हणतात. या वासाने म्हणे खान्देशातल्या सगळ्या बायकांना माहेर आठवतं. आठवत असेल. मला मळमळतं. मी पदर नाकाला लावते आणि पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगते. बारा वर्षं मी हेच पित्त सांगत आले आहे. आता तर वहिनींनी त्यावर आवळासुपारी आणून द्यायला सुरुवात केली आहे.

पित्तबित्त काही नाही, किळस आहे. आणि ती ज्वारीची नाही, ज्वारीने माझं काय वाईट केलंय? ती किळस एका धाब्याची, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छताची आहे, त्या धाब्यावर उभं राहून कोवळा बिबडा तोडून खाणाऱ्या एका माणसाची आहे. त्यात आणखी कोणाची आहे ते मला फार उशिरा कळलं.

ज्यांनी बिबडे केलेले नाहीत त्यांना सांगते. हा ज्वारीचा पापड, पण लाटायचा नाही. शिजलेला घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर घ्यायचा, हात पाण्यात बुडवायचा आणि बोटांनी गोल फिरवत थापायचा. थंड झाला की तो पसरत नाही, म्हणून चटके खातच करायचं काम. एकटीदुकटीचं हे कामच नव्हे. आमच्या अमळनेरकडच्या गावात यासाठी बायका एकमेकींच्या घरी जायच्या. आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या. मजुरी कोणी मागायचं नाही, कोणी द्यायचं नाही. जसे आपले हात तिच्या घरी जायचे, तसे तिचे हात आपल्या घरी यायचे, एवढाच हिशेब. उन्हं चढेपर्यंत धाब्यावर नुसता कालवा असायचा, सासवांची नक्कल, नव्या सुनेची चेष्टा, पोरांची अर्धे ओले बिबडे पळवायची धांदल. इतकी सुंदर रीत गावात दुसरी नव्हती. आणि नेमकी तीच रीत आमच्या गळ्यात दावं म्हणून पडली.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. दुसऱ्याच्या विहिरीच्या खोदकामावर दरड कोसळली आणि भाऊ गेले. मी तेव्हा सातवीत, धाकटी सुनंदा दुसरीत. घरात जमीन नव्हती. माय कापूस वेचायला जायची, निंदणीला जायची, आणि वेचणीच्या दिवसांत मी आणि सुनंदाही तिच्या मागे सरीत असायचो. शाळा कापूस नसलेल्या दिवसांत. मास्तरांनाही त्याचं काही वाटायचं नाही, त्या दिवसांत अर्धा वर्ग रानातच असायचा. सुनंदाची बोटं लहान, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी नखांच्या कडा फाटायच्या. संध्याकाळी ती बोटं तोंडात धरून गृहपाठाची वही बघत बसायची. लिहायची नाही, नुसती बघायची.

दसऱ्यानंतर गावात मुकादम यायचा, ऊसतोडीला माणसं गुजरातकडे न्यायला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटी बाई म्हणजे अर्धा. त्या वर्षी तो आमच्या दारात उभा राहिला, माझ्याकडे मापं घेतल्यासारखं बघितलं आणि मायला म्हणाला की आंडेर, म्हणजे पोरगी, उंच झाली आहे, दोघी मिळून पुरा कोयता होतो. सहा महिने तिकडेच, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपटात. माय नाही म्हणाली नाही. विचार करते म्हणाली. विचार करते म्हणजे काय ते मला समजत होतं. मी दप्तरातली पुस्तकं काढून फळीवर ठेवली आणि रडूही आलं नाही, इतकं ते ठरल्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात विधवा-निराधारांच्या पैशाचा अर्ज घेऊन उत्तम नाना आमच्या घरी आले. नाना म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. केळीचे बाग, दोन विहिरी, तालुक्याच्या समितीवर नाव. अर्ज त्यांनीच भरला, मायचा अंगठा त्यांनीच घेतला. पौषात पहिली मनीऑर्डर आली. महिन्याला शंभरही नव्हते, पण तीन महिन्यांचे एकदम आले होते. पोस्टमन सायकल ओट्याला टेकवून बसला आणि नोटा मायच्या हातात देताना म्हणाला, पोरींना शिकव. भाऊ गेल्यापासून तिच्या हातात न वेचता, न निंदता आलेला हा पहिला पैसा होता.

हे आधीच स्वच्छ सांगते, म्हणजे माझ्या किळशीचा कोणी उलटा अर्थ काढू नये. तो पैसा चांगला होता. हल्ली आमच्या शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता कोणी म्हणतं, फुकट पैसे वाटून सरकारने लोकांना आळशी करून ठेवलं, तेव्हा मला त्या माणसाच्या कपातला चहा त्याच्याच डोक्यावर ओतावासा वाटतो. आमची माय एक दिवस आळशी झाली नाही. झालं ते इतकंच की मुकादमाला ती नाही म्हणाली. त्या नाहीचं वजन मी अजून विसरलेले नाही. मग एक शेळी आली, पुढच्या वर्षी तिची दोन करडं. स्वस्ताई असताना पोतंभर ज्वारी घरात पडायला लागली. मला आठवीत अमळनेरच्या हायस्कुलात घातलं, एसटीचा पास निघाला. आणि वेचणीच्या दिवसांत बागायतदार पोरींना पाठव म्हणाला तेव्हा माय त्याला म्हणाली की पोरी शाळेत जातात. सुनंदाची हजेरी त्या वर्षी पहिल्यांदा पुरी भरली. मास्तरांनी तिला पेन्सिल दिली, ती तिने टोक न करता कितीतरी दिवस तशीच ठेवली होती.

मग मार्च आला आणि नानांच्या बायकोने, अक्कांनी, मायला बिबड्यांच्या मदतीला बोलावलं.

मदतच ती. माय आनंदाने गेली. नानांनी आपल्यासाठी केलं, आपण हाताने फेडायचं, गावच्या रीतीला धरूनच होतं. तिच्या लेखी सरकार नावाचं कोणी मनीऑर्डर पाठवत नव्हतं, नानांनी दिलं होतं. बिबडे झाले, मग उडदाचे पापड झाले, मग शेवया. दिवाळीआधी गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या. वाडा सारवायचा. अक्कांच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा सव्वा महिना माय पहाटे तिकडे शेकशेगडीला आणि दिवसा रानात. यातला एकही दिवस तिने मजुरीचा धरला नाही, कारण अक्का मजुरी म्हणायच्याच नाहीत. मदत म्हणायच्या. आणि आमच्या घरी बिबडे असायचे तेव्हा? त्या घरातलं कोणी आमच्या दाराशी फिरकलं नाही. आमची दोन शेर ज्वारी माय, मी आणि सुनंदा करायचो, शेजारची धुरपामावशी तेवढी यायची. रीतीचं अर्धं अंग कापून टाकलं की तिची वेठ होते. हे कळायला मला अक्कल लागली नाही, मायची रात्री ठणकणारी कंबर चेपताना ते हाताला कळायचं.

दहावीचं वर्ष उजाडलं. भत्ता चालू राहायचा तर दरसाल बाई जिवंत आहे, तिने दुसरं लग्न केलेलं नाही, तिची परिस्थिती आहे तशीच आहे, असा कागद तालुक्याला जावा लागे. नाना तो कागद मार्चातच अडवून ठेवत. सही करतो, जरा वेळ मिळू दे, म्हणत. वेळ बिबडे वाळून डबे भरले की मिळायचा, हे तीन वर्षं मी पाहत होते.

बीजगणिताचा पेपर होऊन गेला होता. भूमितीला मध्ये एक दिवस सुटी होती. त्या सुटीच्या आदल्या संध्याकाळी अक्का आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, कधीच येत नसत, उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलायच्या आणि बोलता बोलता आमचं घर डोळ्यांनी मोजायच्या. शेळीला खायला काय घातलं, चुलीवर काय आहे, खुंटीवरचं पातळ नवं की जुनं. मायला म्हणाल्या, "उद्या आंडेरले बी लई ये. तिना हात हलका शे."

परवा माझा पेपर आहे हे मी सांगितलं. अक्का हसल्या. बोर्डाच्या परीक्षेबद्दल त्यांचं मत असं होतं की पोरींनी ती दिली तरी चालते. माय माझ्याकडे न बघता हो म्हणाली. मी रात्रभर तिच्याशी बोलले नाही आणि उजाडायच्या आत तिच्या मागोमाग नानांच्या धाब्यावर गेले. कंपासपेटी घेऊन गेले होते, वेळ मिळाला तर प्रमेयं बघू म्हणून. वेडीच मी.

त्या सकाळची प्रत्येक गोष्ट मला नको असताना लक्षात आहे. खालून पातेली वर येत होती, एक संपलं की दुसरं. गावातल्या इतर बायका तासाभराने पांगल्या, कारण त्यांच्या त्यांच्या घरी कामं होती आणि त्यांना जायची मुभा होती. राहिलो मी आणि माय. घाटा बोटांना चिकटायचा, झटकावा तर कापडावर शिंतोडे, अक्का लगेच बघायच्या. दुसऱ्या पातेल्याला अंगठ्याजवळ चुरचुरायला लागलं, तिसऱ्याला फोड आला. मी हात पाण्यात धरून ठेवला तर अक्का म्हणाल्या, घाटा निवतोय. माय माझ्याकडचं कापड ओढून आपल्यापुढे घ्यायची, पण एकटीला ते झेपत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. घामाचे थेंब घाट्यात पडत होते. मी ते पुसले नाहीत, पडू दिले.

दहाच्या सुमाराला नाना वर आले. दात घासून, पांढरं शुभ्र धोतर नेसून, बरोबर तालुक्याचा कोणी पाहुणा. वाळत घातलेल्या ओळीतून चालत त्यांनी एक कोवळा बिबडा सोलून काढला, दुमडून तोंडात घातला. तेल मागवलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं, ते त्यांनी अंगठ्याने टिपलं आणि तो अंगठा धाब्याच्या कठड्याला पुसला. मग तोंडात घास असताना पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ही आमची पोरगी, दहावीला आहे, बाप नाही बिचारीला, आम्हीच शिकवतो. पाहुण्याने कौतुकाने मान हलवली. माय लगबगीने पदर सावरून उभी राहिली आणि हसली. ते हसू मला नानांच्या तेलकट ओठांपेक्षा जास्त शिसारी आणून गेलं. मला माझ्या आईची किळस आली. ही गोष्ट लिहायला मला बारा वर्षं लागली.

निघताना अक्कांनी पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड आमच्या वाटीत खरवडून दिली. धाकटीला ने, म्हणाल्या. दुपारी सुनंदा शाळेतून आली आणि त्या वाटीवर तुटून पडली. चाटूनपुसून खात होती. मी तिच्या हातातली वाटी हिसकावून उंबऱ्याबाहेर फेकली. ती रडली नाही. बाहेर गेली, जमिनीवर पडलेला मोठा तुकडा उचलला, फुंकला आणि शेळीच्या मागे बसून खाल्ला. मला वाटलं, हिला काही कळत नाही, लहान आहे.

भूमितीच्या पेपरला कंपास धरता येईना. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींवर फोड. वर्तुळ काढायला गेले की कंपास फिरायच्या ऐवजी घसरायचा. डाव्या हाताने एक आकृती काढली, ती अंड्यासारखी झाली. शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या, बोटं बघितली आणि पुढे गेल्या. पुढे निकालात मी भूमितीत काठावर सुटले ते बहुधा प्रमेयं पाठ होती म्हणून. पण त्या दिवशी मला खात्री होती की मी नापास झाले, आणि नापास मला अक्कांच्या पातेल्याने केलं.

शेवटचा पेपर झाला आणि मी एसटी स्टँडवर जायच्या ऐवजी सरळ तहसील कचेरीत गेले. दहावीची परीक्षा दिली की माणसाला आपण फार शिकलो असं वाटतं. कारकून भला माणूस होता. त्याने फाइल काढली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की कागद तलाठ्याकडून आणायचा असतो, समितीच्या सभासदाच्या सहीची यात काही गरज नाही, कधी नव्हती. मी दोनदा विचारलं. दोनदा त्याने तेच सांगितलं. तीन वर्षांच्या गोधड्या, तीन वर्षांचं सारवण, सुनेचा सव्वा महिना, माझी दोन बोटं, सगळं एका नसलेल्या सहीसाठी. कचेरीच्या पायऱ्या मी दोन दोन करून उतरले. वाटत होतं, सुटलो.

एसटी गावात नानांच्या ओट्यासमोरच थांबते. ओट्यावर पाचसात माणसं बसलेली होती. मी घरी जायला हवं होतं. आधी मायला विचारायला हवं होतं. मी तशीच ओट्यासमोर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, तुम्हनी सही लागत नही. मी कचेरीमा इचारी उनी. आते मन्ही माय तुम्हना घर फुकट राबाले येनार नही."

मला वाटलं होतं नाना चिडतील. ते हसले. शेजाऱ्याकडे बघून म्हणाले, "हुशार व्हई गयी आंडेर. चांगलं शे." आणि परत आपल्या गप्पांकडे वळले.

घरी येऊन मी मायला सगळं जिंकल्यासारखं सांगितलं. ती शेळीला पाला घालत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मग म्हणाली, "माले मालूम व्हतं. सहीकरता नही करत मी. तो आडवा येवाले नको, त्याकरता करस."

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात तालुक्याहून भत्त्याची चौकशी आली. दोघे जण आमच्या घरात शिरले, शेळ्या मोजल्या, ज्वारीचं पोतं उघडून बघितलं, फळीवरची माझी पुस्तकं खाली काढली. दहावी पास मुलगी घरात आहे, जनावरं आहेत, धान्य आहे, असं लिहून नेलं. त्या भत्त्याने घरात जे जे आणलं होतं तेच भत्त्याच्या विरोधात साक्षीला उभं केलं, याहून ओंगळ प्रकार मी पाहिला नाही. नाना त्या दिवशी गावात नव्हते. दिवाळीची मनीऑर्डर आली नाही. माय दोनदा तालुक्याला जाऊन आली. तो कारकून बदलून गेला होता.

मी अमळनेरला अकरावीत होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. पुस्तकांना आणि जेवणाच्या खर्चाला पैसे हवे होते. शेळ्या विकल्या, ते पुरले नाहीत. दसऱ्यानंतर मुकादम आला आणि त्याने माझ्या जागी सुनंदाला बघितलं. अकरा वर्षांची सहावीतली पोर, पण तो म्हणाला चालेल, मोळ्या बांधील. त्याने दिलेल्या उचलीतून माझा खर्च भागला. मायलेकी सहा महिने उसाच्या फडात गेल्या. परत आल्या तेव्हा सुनंदाचं नाव पटावरून कमी झालेलं होतं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या. मी बारावी झाले, डी.एड. झाले, नोकरीला लागले. सुनंदाचं सोळाव्या वर्षी लग्न झालं.

मायने मला एकदाही दोष दिला नाही. सुनंदानेही नाही. मीच माझ्या मनात त्या गोष्टीचा चांगला पोवाडा करून ठेवला होता. नानांच्या ओट्यासमोर उभी राहिलेली सोळा वर्षांची मुलगी, ताठ मान, खणखणीत आवाज. वर्गात मुलींना स्वाभिमानाचा धडा शिकवताना ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर असायची. उसाच्या फडातली मुलगी नसायची.

आता माझ्या शाळेतही मुलींना हजेरीचा भत्ता मिळतो, दिवसाचा रुपया. वाटप झालं की मार्चात कोणा ना कोणाची आई पिशवीत बिबडे घेऊन येते. बाईंसाठी. गेल्या वर्षी एकीला मी सगळ्या वर्गासमोर फटकारलं. हे सरकारचे पैसे आहेत, माझ्या घरचे नाहीत, ही पिशवी आत्ताच्या आत्ता परत न्या. ती बाई पांढरीफटक पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिबडे आणि वर तांब्याभर दूध घेऊन आली. तिला वाटलं, कमी पडलं.

हा किस्सा मी परवा सुनंदाला मोठ्या तोऱ्यात सांगत होते. ती पाचोऱ्याजवळ एका खेड्यात असते. सुटीच्या दिवशी मी गेले तर ती अंगणात नव्हती, पोरीने सांगितलं, मास्तरीणबाईंच्या गच्चीवर आहे. मी तिकडे गेले. ती एकटी बिबडे थापत होती, शेजारी दोन पातेली. तिची पोर पहिलीत आहे. वेचणीच्या दिवसांत ती पोरीला कधीमधी रानात नेते, पण त्या मास्तरीणबाई हजेरी पुरी लावतात, भत्ता पुरा मिळतो, पोर पटावर राहते. त्या बदल्यात हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वतः शिक्षिका आहे, मी वर तक्रार करते, म्हणाले. तू ऊठ आधी, म्हणाले. मला या सगळ्याची किळस येते, म्हणाले.

सुनंदाने हात पाण्यात बुडवला, पुढचा बिबडा कापडावर घेतला. तिची बोटं रुंद झाली आहेत, नखांच्या कडा कायमच्या वाकड्या. गोल मात्र असा फिरवते की कंपासने काढावा. माझ्याकडे न बघता तिने विचारलं की तक्रार केल्यावर बाईंची बदली होईल का. मी म्हटलं, होईल. मग नव्या बाई कशा असतील, तिने विचारलं.

"तू नानाले तोंडवर बोलनी, ते तुले बरं वाटनं, ताई," ती म्हणाली. "त्यानं मोल मन्ही शाळानी दिधं. आते मन्ही पोरनी शाळा तरी ऱ्हाऊ दे."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.